श्वास रोखायचा नाही

आमच्या घरात मला कुणी विचारत नाही, सांगतात. उद्या पाच माणसं जेवायला आहेत, परवा वढू बुद्रुकला जायचंय, सातला आवरून बस. त्याच सुरात एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या ह्यांनी सांगितलं, की आपण अंदमानला चाललोय. यवतला आमचं शेतीच्या औषधांचं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. नळ्यांच्या कंपनीनं सांगितला तेवढा माल ह्यांनी खपवला होता, म्हणून जोडीनं टूर मिळाली होती.

"तिथं एका बेटावर पाण्याखाली नेत्यात म्हणं," हे म्हणाले. "पाठीला टाकी बांधत्यात, तोंडात नळी देत्यात. खाली जाऊन मासे बघायचे. गडी माणसं सगळी जाणार हायेत. बायकांना काचेच्या बोटीतनं दाखवणारेत."

"बायकांना खाली का न्हाई?" मी विचारलं.

"तू आता कुठं पाण्यात उतरतीस. आमटी वाढ जरा."

मी आमटी वाढली. पण तेवढ्यात मनाशी ठरलंही. काचेच्या बोटीत बसून टाळ्या वाजवायला मी एवढ्या लांब जाणार नव्हते. मी खाली जाणार होते. लग्न झाल्यापासून मला स्वतःसाठी इतकं काही हवंसं वाटलं होतं असं मला आठवत नाही.

ह्याचं कारण माझ्या माहेरात आहे. माझं माहेर कवठे येमाईचं. आमच्या विहिरीत मी सातव्या वर्षी पोहायला शिकले. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वरून ढकलून द्यायचं आणि काठावर बसून निवांत विडी ओढायची. आठ दिवसांत डबा सुटला. पुढं मला बुडी मारायचा नाद लागला. मोटरच्या पाइपाला खाली तळाशी जाळी असते. तिच्यात पालापाचोळा अडकला की पाणी चढत नाही. ती साफ करायला आबा आधी गडी बोलवायचे, नंतर मलाच सांगायला लागले. मोटर बंद करायची, छाती भरून दम घ्यायचा, पाइप धरून सरसर खाली जायचं, हातानं पाला ओरबाडायचा आणि अगदीच जीव कासावीस झाला की तळाला लाथ मारून वर. दम सोडायचा नाही, एवढं एकच शास्त्र. माझ्याएवढा दम आमच्या वस्तीवर कुणाला नव्हता. पोरांनासुद्धा नव्हता, आणि त्याचा त्यांना राग यायचा.

तेराव्या वर्षी ते बंद झालं. कुणी मारलं नाही की ओरडलं नाही. चुलती एवढंच म्हणाली, "आता हिरीवर जायचं न्हाई, मोठी झालीस." आबांनी मान खाली घातली आणि पुढच्या वेळी जाळी अडकली तेव्हा परत गडी बोलावला. मी काठावर उभी राहून बघत होते. तो बाबा माझ्या निम्मासुद्धा वेळ खाली टिकत नव्हता. सारखा वर यायचा, धापा टाकायचा, परत जायचा. माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. मग चुलतीनं काठावर उभं राहणंही बंद केलं.

त्याला एकतीस वर्षं झाली. मधे लग्न झालं, दोन पोरं झाली, ती मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली. एवढ्या वर्षांत मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. दौंडला नदीवर कुणाच्या दहाव्याला गेले की पाय बुडवायचे, हात जोडायचे आणि माघारी यायचं. तेवढंच.

तर पाण्याखाली जाणाऱ्यांत माझं नाव घालून घ्यायला मी एक युक्ती केली. कंपनीचे साहेब यादी करायला घरी आले, तेव्हा चहा देता देता मी म्हणाले, "साहेब, माझंबी नाव घाला बरं का. मला चांगलं पवता येतंय." पाहुण्यांपुढं नाही कोण म्हणणार? हे हसले. म्हणाले, "घाला, घाला. ऐन वेळेला रडंल, मग आपल्याला गंमत." साहेब गेल्यावर मात्र तोंड उतरलं. "चार लोकांत असं मधी बोलायचं असतंय का?" म्हणाले. सासूबाईंनी तर दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, की देवानं डोळे दिलेत तर वरनं बघ, आत कशाला मरायला जायचं.

आम्ही गेलो. दौंड-शिरूरकडचे सहा डीलर, त्यांच्या सहा बायका आणि आमची मुंडकी मोजायला कंपनीचा एक माणूस. मला वाटलं होतं, एवढं विमान, एवढं जहाज, एवढा समुद्र ओलांडल्यावर काहीतरी सुटेल. कसलं काय. बेटावर पोचलो, पण आख्खं यवत बरोबर आलं होतं. गडी माणसं पुढच्या सीटवर, बायका मागं. त्यांच्या गप्पा कांद्याच्या भावाच्या आणि कारखान्याच्या निवडणुकीच्या, आमच्या गप्पा कुणाच्या सुनेच्या. शिरूरच्या एका डीलरच्या बायकोनं, तिला आम्ही सगळ्या वहिनीच म्हणायचो, भाकऱ्यांची चळत आणि शेंगदाण्याच्या चटणीचे तीन डबे आणले होते. समुद्राकडं पाठ करून ती ते वाटत होती. बेट एवढंसं. या काठावरून त्या काठाला तासाभरात चालत जावं. तरी मी जरा किनाऱ्यावर एकटी निघाले की मागून हाक यायची, "कुठं चाललीस गं?" आता कुठं जाणार मी? चारी बाजूंनी पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरायचं होतं. उतरणाऱ्यांत बाई मी एकटी. काळ्या रबराचा एक अंगाबरोबरचा सूट दिला. तो आधी गुडघ्यात अडकला, मग कमरेत अडकला. वहिनी आणि आणखी एकीनं दोन बाजूंनी धरून पोत्यात धान्य भरल्यागत मला त्यात भरलं आणि हसून हसून लोळल्या. मंगळसूत्र मी काढलं नाही, आत सारलं. मागची चेन गळ्यापर्यंत ओढल्यावर एकदम कोंडल्यासारखं झालं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. बाकीचे डीलरही समुद्राकडं बघायला लागले. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला.

शिकवायला एक बाई होती. माझ्याच वयाची, ठेंगणी, बंगाली वळणाचं हिंदी बोलणारी. सगळे तिला मॅडम म्हणत होते. छातीएवढ्या पाण्यात उभं करून तिनं सांगितलं, की सगळ्यात मोठा नियम एकच, श्वास रोखायचा नाही. तोंडानं घ्यायचा, तोंडानं सोडायचा, थांबायचं नाही. टाकीतला दम छातीत कोंडून माणूस वर आला तर आत हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. "कुछ भी भूल जाओ, ये मत भूलो," ती म्हणाली. मी मान हलवली. एवढंच ना, मला वाटलं.

आधी ह्यांची पाळी होती. ह्यांना पाण्याचं काहीच येत नाही. गावच्या कालव्यात सुद्धा कधी उतरलेले नाहीत. तोंडात नळी घेतली, डोकं पाण्यात घातलं, आणि घरात खुर्चीत बसल्यागत भसाभसा श्वास घ्यायला लागले. बुडबुडे, बुडबुडे. मॅडमनं पाठ थोपटली.

मग मी. मी नळी तोंडात घेतली, खाली गेले आणि माझी छाती बंद झाली. मी केली नाही, आपली आपण झाली. पाणी डोक्यावरून गेलं की कुलूप लागायचं, हे तिला विहिरीनं शिकवलं होतं आणि ती ते विसरली नव्हती. डोकं सांगत होतं, सोड गं बाई, सोड. छाती ऐकेना. मॅडम माझ्या तोंडापुढं बोटं हलवत होती, बुडबुडे कुठं आहेत म्हणून. शेवटी तिनं मला वर काढलं. परत खाली. परत तेच. तिसऱ्या वेळी मी कोंडलेल्या दमानिशी तळाला लाथ मारून एका झटक्यात वर आले, तिनं जे करू नको म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच. तिचा चेहरा पांढरा पडला.

"दीदी, आपको तैरना आता है ना?" तिनं विचारलं.

"हां," मी म्हणाले. "बहुत अच्छा आता है."

"वही तो मुश्किल है," ती म्हणाली. "आज नहीं होगा. सॉरी."

सर्दी झालेला एक डीलर सोडला, तर ज्यांना पोहता येत नव्हतं ते सगळे गेले. त्यांच्या बुडबुड्यांची रांग लांब जाताना मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बघितली. आणि मी, जिच्याएवढा दम कुणाला नव्हता, ती मागं राहिले. काठावर बायका होत्या. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या हो, आपलं काम न्हाई ते." प्रेमानंच म्हणाली. तिच्या तोंडात मारावी असं मला वाटलं.

हे अर्ध्या तासानं आले ते राजासारखे. "लय भारी," म्हणाले. "काय अवघड न्हाई. उगं श्वास घ्यायचा आन् सोडायचा. तू आपली माहेरच्या हिरीच्या बढाया मारत होतीस." सगळे हसले. जेवताना परत तेच सांगितलं. संध्याकाळी चहाला परत. मी हसले सगळ्यांबरोबर. हसता येतं मला, चोवीस वर्षांची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघणार होतो. पण वारा सुटला आणि जहाजं बंद झाली. हॉटेलात तेराजणं अडकून पडलो. पुरुष एका खोलीत पत्ते कुटत होते, दुसऱ्या खोलीत आम्ही सहाजणी दोन पलंगांवर. फोनला रेंज नव्हती, त्यामुळं सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येत नव्हता, तेवढीच कृपा. पण खिडकीतून समोर सगळा समुद्र दिसत होता, आणि मला आत जाता येत नव्हतं, बाहेर जाता येत नव्हतं, घरी जाता येत नव्हतं. मला आयुष्यात इतकं घुसमटल्यासारखं कधी झालं नव्हतं. की रोजच होत होतं आणि तिथं कामाला काही नव्हतं म्हणून कळलं, कुणास ठाऊक.

दुपारी मी उठले आणि कुणाला न सांगता मॅडमच्या दुकानात गेले. हॉटेलला लागूनच होतं. ती मास्क धूत बसली होती. माझ्या मोडक्या हिंदीत मी तिला सगळं सांगितलं. विहीर, जाळी, तेरावं वर्ष, एकतीस वर्षं. म्हटलं, मला एकदा खाली जायचंय. परत मी काही इकडं येणार नाही, मला माहीत आहे.

तिनं मला शेजारी बसवलं. म्हणाली, विहिरीत किंवा नदीत बुडी मारायला शिकलेल्या माणसांचं असंच होतं. मोठमोठे कोळी येतात, त्यांचंही होतं. त्यावर एक इलाज आहे. "नीचे जाके बोलना. कुछ भी बोलो. गाना गाओ, भगवान का नाम लो, गाली दो. जो बोलता है वो साँस नहीं रोक सकता." कालच एका डीलरला सर्दी झाली म्हणून त्याची पाळी शिल्लक राहिली होती, ती तुला देते, म्हणाली. वारा पडला तर उद्या सकाळी.

वारा पडला. जहाज संध्याकाळचं होतं. मी ह्यांना सांगितलं, मी परत जातेय.

"कशाला आता? झालं की हसू एकदा."

"तुम्ही चला बोटीत. वर बसा. मी जाणार."

"आन् काय झालं मंजी? पोरांना काय सांगू मी?"

"मला जायचंय," मी म्हणाले. बास, एवढंच. दुसरं काही सुचलंच नाही. माझा आवाज जरा चढला असणार, कारण पत्त्यांतली दोन माणसं वळून बघायला लागली. चार लोकांत तमाशा नको म्हणून हे उठले आणि बोटीत येऊन बसले.

मॅडम आणि मी, दोघीच उतरलो. पाणी डोक्यावरून गेलं आणि छातीला कुलूप लागलं. मॅडमनं आपल्या तोंडापुढं हात हलवून खूण केली, बोल. मी नळीतल्या नळीत गणपतीची आरती सुरू केली. भुंगा गुणगुणावा तसा आवाज येत होता. पण बुडबुडे निघाले. बुडबुडे संपले की आपोआप दम आत जायचा. मी परत बोलायचे. आम्ही दोरी धरून हळूहळू खाली चाललो. आरतीची दोन कडवी झाली आणि पुढचं आठवेना. रोज म्हणते ती, पण तिथं आठवेना. छाती परत आवळायला लागली. घाबरून मी वर बघितलं. वर बोटीचा तळ दिसत होता आणि काठावरून वाकलेलं ह्यांचं तोंड पाण्यात हलत होतं.

माझ्या तोंडून निघालं, "अहो."

बुडबुडे गेले. दम आला.

"अहो, माणसं जेवायला येणार असली की सकाळी सांगत जावा, ताटं मांडल्यावर न्हाई." बुडबुडे. "अहो, तुमच्या आईच्या दोन ऑपरेशनांत रात्रंदिवस मी उभी होते, आन् पाव्हण्यांना तुम्ही सांगितलं की डॉक्टर चांगला मिळाला." बुडबुडे. "अहो, बी. एड्.चा फॉर्म मी भरून दिला होता. पोस्टात टाका म्हटलं होतं. तो दुकानात औषधाच्या पुड्या बांधायला गेला आन् तुम्ही हसलात."

माझं मलाच नवल वाटत होतं, एवढं कुठं साठलं होतं. एकातून दुसरं निघत होतं. घरात पहिल्या वाक्याला जी जीभ टाळूला चिकटते, ती तिथं थांबायचं नाव घेईना, आणि प्रत्येक वाक्यागणिक मी खाली जात होते. मॅडमनं अंगठा आणि बोट जोडून विचारलं, ठीक? मी तशीच खूण केली आणि पुढं बोलायला लागले. मासे होते. घरी सगळ्यांनी विचारलं म्हणून सांगते, पिवळे होते, निळे होते, पुष्कळ होते. मी त्यांच्यामधून जात होते आणि भांडत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मला तो सहन होत नव्हता.

शेवटी आबांचं निघालं. "अहो, आबा गेले तेव्हा तुम्ही मला दहाव्याला सकाळी नेलंत आन् संध्याकाळी माघारी आणलंत. दुकानात पेरणीची गर्दी होती. मला चार दिवस राहायचं होतं. नुसतं बसायचं होतं तिथं. चार दिवसांनी तुमचं काय बिघडणार होतं?" हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. आईला नाही, बहिणीला नाही. मी मास्कच्या आत रडत होते आणि तरी श्वास अगदी लागल्यासारखा चालू होता, आत, बाहेर, आत, बाहेर.

मॅडमनं वर जायची खूण केली. मी मान हलवली, नाही. तिनं टाकीचा काटा दाखवला आणि परत खूण केली. "अहो," मी म्हणाले, "मला वर यायचं न्हाई." आणि मग वर आले.

बोटीत मला ओढून घेतलं. मास्क काढला. हे माझ्या तोंडाकडं बघत होते. मॅडम हसत होती. म्हणाली, दीदी वीस मिनटं बोलत होती, एक मिनट सुद्धा थांबली नाही, एवढं बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. मग ह्यांच्याकडं वळून तिनं सहज विचारलं, "ये 'अहो' क्या होता है? बार-बार वही सुनाई दे रहा था. अहो, अहो."

बोटीत आमच्यातले आणखी दोन डीलर आणि वहिनी होती, गंमत बघायला आलेली. वहिनी म्हणाली, "अगं माय. मालकांना हाका मारत होती व्हय." आणि तिचे डोळे भरून आले. डीलर लोकांनी ह्यांच्या पाठीवर थापा मारल्या. ह्यांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. "घाबरली असंल," म्हणाले. "मी वर होतो ना पण." मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडं बघत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मॅडम माझ्याकडं बघत राहिली. तिला भाषा येत नव्हती, पण ती हसायची थांबली होती.

ती गोष्ट आमच्या आधी घरी पोचली. विमानतळावर रेंज आली तसं वहिनीनं शिरूरला फोन केला आणि शिरूरहून गोष्ट यवतला आली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. "पाण्याच्या तळाला गेली तरी नवऱ्याचंच नाव घेतलं पोरीनं," म्हणाल्या. दुकानात आलेल्या प्रत्येकाला हे सांगायला लागले. औषध घ्यायला आलेला शेतकरी, नळ्यांचा टेम्पोवाला, कुणीही. "आरं खाली गेली आन् सारखी अहो, अहो, अहो. भ्याली बिचारी." लोक हसायचे. चहा घेऊन मी गेले की माझ्याकडं कौतुकानं बघायचे. दौंडला एका लग्नात अनोळखी बायका मला बघायला आल्या. माझ्याकडं बोट दाखवून एकीनं आपल्या सुनेला सांगितलं, अशी माया पाहिजे.

मी काय करणार होते? खाली गेले होते, ते खरं. मला जायचं होतं आणि मी गेले होते. पण ते माझं राहिलं नव्हतं. मी ज्या वीस मिनटांत तोंड उघडलं, त्याच वीस मिनटांची त्यांनी माझ्यासाठी एक नवीन खोली बांधली होती, आणि सगळे येऊन बघत होते की मी तिच्यात किती छान बसलेय. राग असा यायचा की हातातलं भांडं आपटावं. आपटलं नाही.

मागच्या महिन्यात पाहुणे येऊन गेले. ह्यांनी परत सगळं सांगितलं. आता त्यात भरही पडली होती, मी वर येऊन ह्यांचा हात घट्ट धरला वगैरे. पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून हे आत आले. घरात आम्ही दोघंच होतो, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. हे दुकानात जायला आरशापुढं केस विंचरायला लागले. मी दारात उभी राहिले.

"अहो, मी हाका मारत नव्हते," मी म्हणाले.

कंगवा थांबला नाही. "माहिताय मला," हे म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय माहिताय?"

"तू भ्याली नव्हतीस. वर आलीस तवा तोंड बघितलं की तुझं. भ्यालेलं माणूस तसं दिसतंय व्हय?"

एवढे दिवस मी समजत होते की ह्यांना काही कळलं नाही. "मग लोकांना तसं का सांगता?"

"मग काय सांगू?"

मी दारातून हलले नाही. आता हे विचारतील, मला वाटलं. एवढं कळलंय तर पुढचंही विचारतील, काय बोलत होतीस म्हणून. विचारलं असतं तर मी सांगणार होते, देवाशपथ, पहिल्या वाक्यापासून. आरशात ह्यांचं तोंड दिसत होतं. ते माझ्याकडं बघत नव्हतं. ह्यांनी कंगवा ठेवला, शर्टाची कॉलर नीट केली.

"काय म्हणत होतीस ते मला कधी सांगू नको," हे म्हणाले. हात जोडल्यासारखा आवाज होता. आणि चपला घालून दुकानात गेले.